बिअर पिणारे कामगार आणि पटकीची साथ

१८५४ च्या ऑगस्टअखेरीस लंडनच्या सोहो भागात पटकीची भयंकर साथ उसळली. ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरात दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी मृतांची यादी मिळवली आणि घरोघर चौकशी सुरू केली. त्यांचा संशय होता रस्त्यावरच्या पंपाच्या पाण्यावर. पण पंपाजवळच बिअरचा एक कारखाना होता. तिथे सत्तरहून अधिक कामगार होते आणि त्यांतला एकही पटकीने मेला नव्हता!

मालक हगिन्स म्हणाले, कामगारांना रोज बिअर मिळते. ते पाणी बहुधा पीतच नाहीत. शिवाय कारखान्यात स्वतंत्र खोल विहीर होती.

मग बिअरला पटकीवरचे औषध म्हणावे का? थोडे थांबू या. जवळच पोलंड स्ट्रीटवर निराधारांचे आश्रयगृह होते. तिथल्या ५३५ जणांपैकी पाचच दगावले. त्यांचीही स्वतःची विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटचे पाणी ते आणत नसत. दोन्ही ठिकाणी समान काय, तर त्या पंपाचे पाणी पोटात न जाणे. बिअर करताना धान्याचा अर्क उकळतात, त्यामुळे जंतू मरतात हे खरे. पण उकळलेले साधे पाणीही तेच काम करते.

स्नो स्वतः तरुणपणी मद्यवर्जन चळवळीत होते. तरीही कारखान्याची नोंद त्यांनी १८५५ च्या पुस्तकातून गाळली नाही. गैरसोयीची वाटणारी नोंदही पुराव्यात जमा होते, हे आपण त्यांच्याकडून शिकावे.

विसाव्या शतकात हाच पेच पुन्हा आला. बेताने पिणाऱ्यांत हृदयविकार न पिणाऱ्यांपेक्षा कमी, असे अनेक पाहण्यांत दिसे. १९८८ साली ब्रिटनमध्ये शेपर आणि सहकाऱ्यांनी ‘न पिणारे’ कोण हे तपासले. त्यांत प्रकृती बिघडल्यामुळे दारू सोडलेले बरेच निघाले. म्हणजे न पिण्याने ते आजारी पडले नव्हते. आजारी पडल्याने पीत नव्हते! त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्याची गणना कर्करोगकारकांत केली. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले, की मद्याचे निर्धोक असे प्रमाणच नाही.

ही गोष्ट वर्गात सांगताना आपण शेवटी एवढेच विचारू या : कामगार वाचले ते काय प्याल्यामुळे, की काय न प्याल्यामुळे?