टायटनची आजारी कार्डे

मार्च 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 10,371.92 कोटी रुपयांच्या ‘इंडिया एआय मिशन’ला मान्यता दिली आणि देशात 10,000 हून अधिक जीपीयू, म्हणजे जड आकडेमोडीसाठी वापरली जाणारी ग्राफिक्स कार्डे, उपलब्ध करून देण्याचे ठरले. तेव्हापासून बातम्यांत चर्चा होते ती कार्डांच्या संख्येची. ती कार्डे बंद पडू लागली तर कारण कसे शोधायचे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. त्याचा एक अत्यंत तपशीलवार नोंदलेला इतिहास अमेरिकेत टेनेसी राज्यातील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत घडला.

घरच्या संगणकातील ग्राफिक्स कार्ड वारंवार कोलमडू लागले की विद्यार्थी काय करतो? ड्रायव्हर पुन्हा बसवतो, पंख्यावरची धूळ झाडतो, पॉवर सप्लाय बदलून पाहतो आणि शेवटी कार्ड मित्राच्या संगणकात लावून बघतो. दोष कधी सापडतो, कधी नुसताच नाहीसा होतो. एकाच कार्डावरून उष्णता, वीजपुरवठा, सदोष जोड आणि निव्वळ योगायोग यांना वेगळे करणे फार कठीण असते. ओक रिजच्या ‘टायटन’ महासंगणकात एकाच जातीची 18,688 कार्डे होती. त्यामुळे तिथे हे शक्य झाले.

टायटन नव्या इमारतीत उभा राहिलेला नव्हता. ‘जॅग्वार’ या आधीच्या महासंगणकाच्या 200 कपाटांमध्येच नवे भाग बसवून तो घडवला गेला. प्रत्येक नोडमध्ये एक सोळा गाभ्यांचा प्रोसेसर आणि एक एनव्हिडिया के-20-एक्स कार्ड अशी जोडी होती. नोव्हेंबर 2012 मध्ये सेकंदाला 17.59 पेटाफ्लॉप्स गती गाठून तो जगात पहिला आला. (भारतातही तोवर ग्राफिक्स कार्डांच्या बळावर महासंगणक उभा राहिला होता. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रातील ‘सागा-220’ 2011 मध्ये सुरू झाला. त्यात 400 कार्डे होती.)

दुखणी लगेचच सुरू झाली. पहिले दुखणे असे की चालू गणितातच कार्ड प्रोसेसरला दिसेनासे होई. संदेश जात, उत्तर येत नसे. हा दोष संगणकाच्या आज्ञावलीत नव्हता. तो जोडणीत होता, आणि 2013 च्या अखेरीस सोल्डरिंगची दुरुस्ती झाल्यावर त्याचे प्रमाण एकदम खाली आले.

दुसरे दुखणे स्मृतीचे होते. या कार्डांच्या स्मृतीला चूक-दुरुस्तीची सोय होती. साठवलेल्या शब्दातील एक बिट उलटला तर तो आपोआप सुधारला जाई. दोन बिट उलटले तर चूक ओळखता येई, पण सुधारता येत नसे. अशा वेळी कार्यक्रम थांबवला जाई. वापरणाऱ्याला हे कोलमडणे वाटते, परंतु चुकीचे उत्तर गुपचूप हाती देण्यापेक्षा ते कितीतरी प्रामाणिक आहे. ही द्विबिट चूक कुठे घडते हे नोंदींत पाहिल्यावर एक आकृतिबंध दिसला. प्रत्येक कपाटात तीन मजले होते आणि गार हवा खालून वर जात असे. वर पोहोचेपर्यंत ती तापलेली असे. चुकाही वरच्या मजल्यावर अधिक होत्या. संशयित कार्ड बाहेर काढून वेगळ्या यंत्रणेवर ताण देऊन तपासले जाई.

मग 2015 च्या सुमारास, यंत्र तिसऱ्या वर्षात असताना, कार्डे नव्याने आणि वाढत्या वेगाने मरू लागली. या वेळी कारण सापडले ते कार्डावरील एका क्षुल्लक भागात. तिथले रेझिस्टर गंधकरोधक जातीचे नव्हते. त्यांच्यातील चांदीवर हवेतल्या गंधकाच्या संयुगांची क्रिया होऊन सिल्व्हर सल्फाइड तयार होत होते. देव्हाऱ्यातले चांदीचे निरांजन काळे पडते ती हीच क्रिया. निरांजन घासून उजळता येते. रेझिस्टरमध्ये मात्र विजेची वाट अडते आणि लाखमोलाचे कार्ड निकामी होते. अखेर हजारो कार्डे बदलावी लागली.

टायटन ऑगस्ट 2019 मध्ये बंद झाला, तेव्हा त्याच्यामागे प्रत्येक कार्डाची ‘जन्म-मृत्यू’ नोंद उरली. ही सर्व आयुष्ये एकत्र केली तर एक लाखाहून अधिक कार्ड-वर्षे भरतात. 2020 मध्ये संशोधकांनी तिच्यावर वैद्यकशास्त्रात वापरले जाणारे जीवितता-विश्लेषण लावले. इथे सरळ सरासरी काढणे फसवे ठरते, कारण बरीच कार्डे यंत्र बंद होताना धडधाकट होती आणि काही मधेच बदलली गेली होती. त्यांचे पूर्ण आयुष्य ठाऊक नसते. एवढेच ठाऊक असते की ती ‘निदान इतकी’ जगली. कॅप्लन आणि मायर यांची 1958 ची पद्धत हे अपुरे ज्ञानही हिशेबात घेते. निष्कर्ष असा निघाला की कार्डाची विश्वसनीयता उष्णता किती चांगली बाहेर जाते यावर अवलंबून होती, आणि थंडाव्याच्या रचनेतील बारकाव्यांशी, तसेच कामे कोणत्या नोडना दिली जात याच्याशीही तिचा घट्ट संबंध होता.

पुढच्या पिढीचे अनुभव फारसे निराळे नाहीत. मेटा कंपनीने 2024 मध्ये ‘लामा-3’ या भाषा-प्रारूपाच्या प्रशिक्षणाचा हिशेब प्रसिद्ध केला. 16,384 एच-100 कार्डांवर 54 दिवसांत काम 419 वेळा अनपेक्षितपणे थांबले. त्यांपैकी 148 वेळा जीपीयू बिघडले होते, तर 72 वेळा त्याच्या लगतची स्मृती. दुपारच्या तापमानामुळे कामाच्या गतीत एक ते दोन टक्के फरक पडल्याचेही त्यांनी नोंदवले.

भारतात या कार्डांना उन्हाळा सोसायचा आहे, आणि कोळशाच्या धुरातून व सांडपाण्याच्या नाल्यांतून येणारे गंधकाचे वायूही. ते ओळखायला महागडे उपकरण लागत नाही. संगणक-कक्षात तांब्याची आणि चांदीची एकेक छोटी पट्टी महिनाभर टांगून ठेवायची आणि नंतर तिच्यावर चढलेला थर मोजायचा. अमेरिकेतील वातानुकूलन अभियंत्यांच्या ‘अ‍ॅश्रे’ या संस्थेने घालून दिलेली मर्यादा महिन्याला तांब्यासाठी 300 आणि चांदीसाठी 200 आंगस्ट्रॉम आहे.