‘आरआयपी’ की ‘ख्रिस्तवासी’? दुःखाच्या वेळी ख्रिस्ती लोक पुनरुत्थानाबद्दल का बोलतात?

फेसबुकवर किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणाच्या निधनाची बातमी आली की खाली कमेंट्सची रांग लागते. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, ‘ओम शांती’, हात जोडलेला इमोजी आणि बहुतेक वेळा ‘आरआयपी’. निधन मराठी ख्रिस्ती घरातलं असेल तर मात्र काही वेगळे शब्द दिसतात. कुणी ‘ख्रिस्तवासी झाले’ असं लिहितं, कुणी ‘प्रभूमध्ये झोपी गेले’, तर कुणी ‘पुनरुत्थानाच्या आशेत निरोप’.

बाहेरून वाचणाऱ्याला इथे दोन प्रश्न पडतात. घरातलं माणूस गेलंय, मग आशा कसली? आणि दुसरा, थोडा अवघड प्रश्न: अशा वेळी श्रद्धेबद्दल बोलणं हे सांत्वन असतं की प्रचार?

पहिल्यापासून सुरुवात करू.

पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्म नाही

मराठीत हे दोन शब्द इतके जवळचे वाटतात की गल्लत होतेच. पुनर्जन्मात आत्मा एक देह सोडून दुसरा देह धारण करतो आणि हे चक्र सुरू राहतं. पुनरुत्थानात चक्र नाही. तोच माणूस, त्याच ओळखीसह, देव एकदाच आणि कायमचा उठवणार, अशी ही श्रद्धा आहे. ‘आत्मा अमर आहे, देह फक्त वस्त्र आहे’ या आपल्या ओळखीच्या कल्पनेपेक्षाही ती वेगळी आहे. इथे देह टाकून द्यायची गोष्ट नाही. देहासकट माणूस उठणार आहे, पण नव्या, नाश न पावणाऱ्या रूपात. संत पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात यासाठी बियाचं उदाहरण दिलंय. जमिनीत जातं ते बी आणि वर येतं ते रोप, म्हटलं तर एकच आणि म्हटलं तर किती वेगळं.

या श्रद्धेचा पाया ईस्टरची घटना आहे. शुक्रवारी वधस्तंभावर मरण पावलेला आणि कबरेत ठेवलेला येशू रविवारी पहाटे जिवंत उठला, असं चारही शुभवर्तमानं सांगतात. येशूला वधस्तंभावर रोमन अंमलदार पिलाताच्या काळात, साधारण इसवी सन 30 ते 33च्या दरम्यान मारलं गेलं, यावर बहुतेक इतिहासकारांचं एकमत आहे. तो उठला की नाही, हे इतिहासाच्या साधनांनी सिद्ध करता येत नाही. तो श्रद्धेचा प्रांत आहे. पौलाने मात्र स्वतःसाठी पळवाट ठेवलेली नाही. ख्रिस्त उठला नसेल तर आपला सगळा विश्वासच पोकळ आहे, अशा अर्थाचं तो त्याच पत्रात स्पष्ट लिहितो. म्हणजे ख्रिस्ती माणसासाठी ईस्टर हा नाताळनंतरचा ‘दुसरा सण’ नाही. सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे.

‘झोपी गेले’ हा शब्दही तिथूनच आलाय. झोपलेला माणूस उठतो. इंग्रजीतला ‘सिमेटरी’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा अर्थच मुळी ‘झोपायची जागा’ असा आहे.

मग रडायचं नाही का?

इथे सर्वांत मोठा गैरसमज आहे, आणि तो अनेक ख्रिस्ती घरांतही सापडतो. ‘रडू नका, ते आता चांगल्या ठिकाणी आहेत’ हे वाक्य अंत्यविधीत हमखास ऐकू येतं. बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण बायबल हे सांगत नाही.

नव्या करारातल्या सर्वांत जुन्या लेखनांपैकी एक म्हणजे थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र. ते साधारण इसवी सन 50च्या आसपासचं मानलं जातं. थेस्सलनीका म्हणजे आजच्या ग्रीसमधलं थेस्सलोनिकी शहर. तिथल्या छोट्याशा मंडळीपुढे एक खरीखुरी अडचण होती. येशू लवकरच परत येणार अशी त्यांची समजूत होती आणि तेवढ्यात त्यांच्यातलेच काहीजण वारले. मग त्यांचं काय, ते हुकले का? पौलाचं उत्तर असं की गेलेले मागे राहणार नाहीत, उलट ते आधी उठतील. आता त्याचे शब्द नीट पाहा. शोक करू नका, असं तो म्हणत नाही. ज्यांना आशाच नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, असं म्हणतो. दुःख राहतंच, फक्त ते शेवटचं उरत नाही. आणि मग तो सांगतो, की या शब्दांनी एकमेकांना धीर द्या.

योहानाच्या शुभवर्तमानातली लाजराची गोष्ट तर याहून बोलकी आहे. बेथानी गावच्या मार्था आणि मरीया या बहिणींचा भाऊ लाजर वारतो. येशू पोचतो तेव्हा त्याला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. दोघी बहिणी त्याला एकच गोष्ट सुनावतात: तू वेळेवर आला असतास तर आमचा भाऊ गेला नसता. येशू त्यांना गप्प करत नाही. थोड्याच वेळात आपण लाजराला उठवणार आहोत हे माहीत असूनही तो तिथे सगळ्यांसमोर रडतो. इंग्रजी बायबलमधलं ते वचन जेमतेम दोन शब्दांचं आहे. मला विचाराल तर सांत्वनावरच्या कितीतरी लांबलचक प्रवचनांपेक्षा ते जास्त कामाचं आहे.

बायबलमधल्या 150 स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रं चक्क तक्रारीची आहेत. देवा, तू कुठे आहेस, असं विचारणारी. दुःखात श्रद्धा डळमळली म्हणून माणूस धर्माबाहेर जात नाही, याची सोय धर्मग्रंथातच करून ठेवलेली आहे.

पहिली बातमी रडणाऱ्या बाईने दिली

पुनरुत्थानाची बातमी पहिल्यांदा सांगितली कुणी? आनंदाने नाचणाऱ्या शिष्यांनी नाही. कबरेवर सुगंधी द्रव्यं घेऊन गेलेल्या बायकांनी. त्या उत्सवाला नाही, प्रेताची उरलेली सेवा करायला निघाल्या होत्या. मग्दालीया मरीया रिकाम्या कबरेबाहेर रडत उभी असते, आणि समोर आलेल्या येशूला ती आधी बागेचा माळी समजते. त्याने नावाने हाक मारल्यावर तिला ओळख पटते. ती धावत जाऊन शिष्यांना सांगते, तर लूकच्या शुभवर्तमानानुसार त्यांना या बायकांचं बोलणं बाष्कळ बडबड वाटतं. (हो, तेव्हाही.)

पोप फ्रान्सिस यांनी 2016 मध्ये 22 जुलै या मग्दालीया मरीयेच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणाच्या बरोबरीचा दर्जा दिला. चर्चच्या जुन्या परंपरेत तिला ‘प्रेषितांची प्रेषित’ म्हणतातच.

अंत्यविधीत हे सगळं कुठे दिसतं?

कॅथलिक अंत्यविधीत शवपेटी चर्चमध्ये आणली जाते आणि मिस्सा होतो. अनेक ठिकाणी पेटीजवळ एक मोठी मेणबत्ती लावतात. ती साधी नसते. ईस्टरच्या आदल्या रात्री, काळोखात, नव्या अग्नीवर पेटवलेली ती पास्काची मेणबत्ती असते. बाप्तिस्म्याच्या वेळीही तिच्यावरूनच छोटी मेणबत्ती पेटवतात. पेटीवर पवित्र पाणी शिंपडतात, तेही बाप्तिस्म्याची आठवण म्हणून. चर्चमधलं आयुष्य जिथे सुरू झालं, त्याच खुणांनी निरोप दिला जातो. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत विधी साधा असतो: शास्त्रवाचन, प्रार्थना, पाळकांचं प्रवचन आणि ‘उपासना संगीत’मधली गीतं. त्यातली कितीतरी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. शेवटी कबरेत मूठभर माती सगळेच टाकतात.

दफनाचा आग्रहही देहाच्या पुनरुत्थानावरच्या श्रद्धेतून आला. पण दहन केलं तर देव उठवू शकणार नाही, असं चर्च म्हणत नाही. कॅथलिक चर्चने 1963 मध्ये दहनाला परवानगी दिली. 2016 मध्ये व्हॅटिकनने स्पष्ट केलं की अस्थी विखुरू नयेत, पवित्र जागी ठेवाव्यात. मुंबईसारख्या शहरात, जिथे दफनभूमीत जागाच उरलेली नाही, हा प्रश्न पुस्तकी नाही. तिथे कबरी काही काळाने पुन्हा वापरल्या जातात आणि आधीच्या अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. कोव्हिडच्या सुरुवातीला, मार्च 2020 अखेरीस, मुंबई महापालिकेने कोव्हिडने गेलेल्या सर्व धर्मीयांच्या मृतदेहांचं दहन करण्याचा आदेश काढला होता आणि लगेच बदललाही. तेवढ्या वेळात किती घरांच्या पोटात गोळा आला असेल, याचा अंदाज आता येईल.

मृतांच्या स्मरणाचा दिवस कॅथलिकांसाठी 2 नोव्हेंबर. वसई असो की मुंबई, कबरी स्वच्छ करून फुलं आणि मेणबत्त्या लावल्या जातात. प्रोटेस्टंट परंपरेत काही ठिकाणी ईस्टरच्या पहाटेच दफनभूमीत उपासना होते. जर्मनीतल्या हेर्नहूट गावी मोरेव्हियन मंडळीच्या तरुणांनी 1732 मध्ये सूर्योदयापूर्वी कबरींमध्ये जमून गीतं गायली, तिथपासून ही प्रथा पसरली असं मानतात.

सांत्वन की प्रचार?

आता दुसरा प्रश्न. दुःखात माणूस मऊ झालेला असतो. त्यावेळी त्याला धर्म सांगणं म्हणजे गैरफायदा घेणं नाही का? शंका रास्त आहे.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य यासाठी पाहण्यासारखं आहे. 1870च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आई-वडील आणि बहीण गेले. 1880 मध्ये भाऊ श्रीनिवास गेला, 1882 मध्ये पती बिपिन बिहारी मेधावी. पदरात लहानगी मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दुःखामुळे धर्म बदलला, असं सोपं गणित इथे मांडता येईल, पण रमाबाईंनी स्वतः तसं सांगितलेलं नाही. आपल्या आत्मकथनात त्या इंग्लंडमधल्या धर्मभगिनींच्या कामाबद्दल लिहितात. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना त्या कशा जपतात हे पाहून रमाबाईंनी त्यामागचं कारण विचारलं, आणि त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली गेली. म्हणजे आधी काम दिसलं, मग प्रश्न आला आणि उत्तर त्यानंतर. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी दुष्काळातल्या अनाथ मुली आणि विधवांना आसरा दिला. 1921 मध्ये मनोरमाही गेली. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलच्या मराठी भाषांतरात गुंतल्या होत्या. ते पूर्ण करून त्या 5 एप्रिल 1922 रोजी वारल्या.

दुसरं उदाहरण अधिक जवळच्या काळातलं. जानेवारी 1999 मध्ये ओडिशातल्या मनोहरपूर गावात ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना गाडीत झोपलेले असताना जिवंत जाळलं गेलं. स्टेन्स बारीपदा इथे कुष्ठरुग्णांसाठी काम करायचे. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना माफ केल्याचं जाहीर केलं आणि अंत्यविधीत मुलीसोबत ‘बिकॉज ही लिव्ज’ हे पुनरुत्थानाचं गीत गायलं. त्यानंतर काही वर्षं त्या तिथेच राहून कुष्ठरुग्णांची सेवा करत राहिल्या. 2005 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. इथे श्रद्धा सांगणारी बाई स्वतःच शोकात होती. ती दुसऱ्याच्या दुःखात शिरली नव्हती. माझ्या मते या प्रश्नाचं बरंचसं उत्तर या एका फरकात आहे.

बायबलमध्येही याची सावधगिरी सापडते. ईयोबाची मुलंबाळं आणि संपत्ती एका झटक्यात जाते, तेव्हा त्याचे मित्र येऊन सात दिवस आणि सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर गप्प बसतात. तोवर सगळं ठीक असतं. नंतर ते तोंड उघडतात, दुःखाची कारणं समजावू लागतात आणि शेवटी देवाचा राग ओढवून घेतात. पेत्राच्या पहिल्या पत्रात सांगितलंय की तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्या. इथे ‘विचारलं तर’ हे शब्द महत्त्वाचे.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर राज्यघटनेच्या कलम 25 मध्ये धर्म पाळण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य आहे. मात्र प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1977 च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटलं आहे. स्वतःची आशा सांगणं वेगळं आणि कोलमडलेल्या माणसाकडून होकार काढून घेणं वेगळं.

मग कमेंटमध्ये लिहायचं काय?

‘आरआयपी’ चालतं का? हे ‘शांतीत विसावो’ अशा अर्थाच्या लॅटिन प्रार्थनेचं संक्षिप्त रूप आहे आणि कॅथलिक घरात त्यात काहीच वावगं नाही. मृतांसाठी प्रार्थना करणं त्यांच्या परंपरेत आहे. प्रोटेस्टंट परंपरेत बहुतेक ठिकाणी ती करत नाहीत, प्रार्थना मागे राहिलेल्यांसाठी असते. 2017 मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या ऑरेंज ऑर्डर या प्रोटेस्टंट संघटनेच्या वर्तुळातून तर सोशल मीडियावर ‘आरआयपी’ लिहू नका, असं आवाहन झालं होतं. आपल्याकडे कुणी इतकं मनावर घेत नाही. तरी ‘देव तुम्हा सर्वांना धीर देवो’ हे दोन्हीकडे चालतं, आणि गेलेल्या माणसाची एखादी खरी आठवण लिहिली तर ती घरचे पुन्हा पुन्हा वाचतात.

प्रत्यक्ष जाणार असाल तर फुलं न्या. विधीत तुम्हाला प्रार्थना म्हणावी लागत नाही, सगळे उभे राहिले की उभं राहिलं तरी पुरे. कॅथलिक घरांत सातव्या दिवशी, महिन्याने आणि वर्षाने पुन्हा मिस्सा असतो. पहिल्या दिवशी जमलं नाही तर महिन्याच्या मिस्साला जा. तोवर घरातली गर्दी ओसरलेली असते.