फक्त पुढच्या वेळेपुरतं

१९८१ च्या आयबीएम पीसीत बूटचा क्रम ठरलेला होता: आधी फ्लॉपी, ती नसेल तर रॉममधलं बेसिक. पुढे एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स नांदू लागले. लिलो, ग्रब यांनी मेनू दिला. पण मशीन लॅबमध्ये आणि आपण घरी, तर मेनूतली ओळ निवडणार कोण?

उत्तर निघालं: निवड आधीच नोंदवायची, तीही एकाच बूटपुरती. लिलोत तशी सोय होती, ग्रबमध्ये ग्रब-रीबूट आलं. यूईएफआयने ती थेट फर्मवेअरमध्ये आणली: बूटनेक्स्ट. खुबी अशी की, निवडलेली सिस्टिम सुरू करण्याआधीच फर्मवेअर ही नोंद पुसतं. म्हणजे विंडोज अडकलं, तरी कुणी बटण दाबून मशीन परत चालू केलं की नेहमीचाच क्रम लागतो.

म्हणून लांबून काम करताना बूटऑर्डरला हात लावू नका. लिनक्स पहिलं ठेवा, विंडोजला एकदाच बोलवा.