कोंड्याचा मांडा आणि दोघांचा हिशेब

मराठीत काटकसरी गृहिणीचे कौतुक करताना 'ती कोंड्याचा मांडा करते' असे म्हणण्याची रीत आहे. या वाक्प्रचारातील मांडा सर्वांना दिसतो. कोंडा मात्र कौतुकाच्या ओघात विसरला जातो. घरात धान्य का नव्हते, कोंडाच का उरला होता, आणि केलेल्या मांड्यातला मोठा वाटा कोणाच्या पानात पडला, हे प्रश्न वाक्प्रचार विचारीत नाही. आर्थिक इतिहासाने हे प्रश्न विचारायला हवे होते. परंतु गेल्या सुमारे दीडशे वर्षांत आपल्याकडे 'गरिबाला जगण्यासाठी किती लागते' याचा जो हिशेब मांडला गेला, त्याचा माग काढला तर असे दिसते की त्या हिशेबाच्या केंद्रस्थानी घर नव्हते. एकटा माणूस होता. तोही बहुधा कैदी, जहाजावरचा मजूर किंवा दुष्काळी कामावर खडी फोडणारा. घर म्हणजे या एकट्याचा गुणाकार, असे गृहीत धरले गेले. या गृहीतकाची सर्वांत कठोर परीक्षा होते ती दोन माणसांच्या संसारात: म्हातारे नवरा-बायको, विधवा आई आणि मुलगा, किंवा गाव सोडून नुकतेच शहरात आलेले जोडपे.

दोघांचे घर हे चौघांच्या घराच्या निम्मे नसते. चूल दोघांसाठी पेटवली तरी तिला लागणारे सरपण निम्म्याने कमी होत नाही. दिवा तेवढाच जळतो, खोलीचे भाडे तेवढेच पडते. फोडणीचे तेल थोडे वाचते, पण निम्मे वाचत नाही. त्यातच हातावर पोट असलेल्या घराला महिन्याचे सामान एकदम भरता येत नाही. तेल, साखर, चहा, मीठमिरची ही रोजच्या रोज पुडीने आणावी लागते, आणि पुडीचा भाव पोत्याच्या भावाहून नेहमीच चढा असतो. वाण्याकडे खाते असेल तर उधारीचा भार वेगळा. थोडक्यात, ज्याच्याजवळ पैसे कमी त्यालाच शेरामागे अधिक मोजावे लागतात. हे व्यवहारज्ञान प्रत्येक गृहिणीला होते. सरकारी कागदात ते शिरायला फार काळ लागला.

१८७६ ते १८७८च्या महादुष्काळात हा कागदी हिशेब प्रथम स्पष्टपणे पुढे आला. व्हाइसरॉय लिटन यांनी पाहणीसाठी पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराची रोजी खाली आणली: दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर किरकोळ पैसे. मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी अंगमेहनत करणाऱ्या माणसाला एवढे धान्य पुरणार नाही म्हणून या दराला जाहीर विरोध केला. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेऊन सरकारकडे अर्ज केले. त्या वादाकडे आज पाहताना एक गोष्ट लक्षात येते. दोन्ही बाजू बोलत होत्या त्या पौंडांत आणि औंसांत, म्हणजे वजनात. दख्खनच्या घरात मात्र धान्य मापाने मोजले जाई: चिपटे, मापटे, शेर, आणि चार शेरांची पायली. माप भरताना हात सैल सोडायचा की आखडता घ्यायचा, हे घरातली बाई ठरवी. वजनाच्या हिशेबात त्या हाताला जागा नव्हती.

याच सुमारास, १८७६मध्ये, दादाभाई नौरोजी यांनी मुंबईत हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील आपला प्रसिद्ध निबंध वाचला. त्यांच्या गणिताप्रमाणे देशातील दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये होते. एवढ्यात माणूस जगतो का, हे ठरवण्यासाठी दादाभाईंनी सरकारच्याच नोंदींचा आधार घेतला: परदेशी जाणाऱ्या मजुरांसाठी ठरवलेला शिधा, आणि निरनिराळ्या प्रांतांतील तुरुंगांत कैद्यावर होणारा अन्नवस्त्राचा खर्च. तुरुंगातील हा खर्च दरडोई उत्पन्नापेक्षा अधिक भरत होता. युक्तिवाद बिनतोड होता, कारण कैद्याला सरकार चैन करू देते असे कोणी म्हणू शकत नव्हते. पण त्याची एक किंमत पडली. 'किमान गरज' ही कल्पना आपल्या अर्थशास्त्रात तुरुंगाच्या फाटकातून आली आणि पुढे बराच काळ त्या फाटकाची छाया तिच्यावर राहिली.

या परंपरेतील पुढचा महत्त्वाचा कागद म्हणजे मुंबईतील कामगारांच्या कौटुंबिक अंदाजपत्रकांचा अहवाल. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने जी. फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली १९२१-२२मध्ये ही पाहणी केली आणि अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला. सुमारे अडीच हजार कुटुंबांचे जमाखर्च त्यात गोळा केले होते. कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न ५२ रुपयांच्या आसपास होते. शंभर रुपये खर्चापैकी जवळजवळ ५७ रुपये अन्नावर, साडेसातच्या आतबाहेर सरपण-दिवाबत्तीवर आणि तितकेच भाड्यावर जात. जवळजवळ निम्मी कुटुंबे कर्जात होती. या अहवालातील सर्वांत बोचरे निरीक्षण वेगळेच आहे: मुंबईचा कामगार जेवढे धान्य खातो ते दुष्काळसंहितेने मंजूर केलेल्या कमाल प्रमाणाइतके आहे, परंतु मुंबईच्या तुरुंगनियमांतील शिध्यापेक्षा कमी आहे. गिरणीत काम करणारा माणूस दुष्काळग्रस्ताच्या बरोबरीचा आणि कैद्याच्या खालचा, असा निष्कर्ष सरकारी कचेरीतूनच निघाला.

अशा पाहण्यांमध्ये पुढे आणखी एक सोय रूढ झाली. कुटुंबातील लहानथोर माणसे सारखे खात नाहीत, म्हणून त्यांचे 'प्रौढ पुरुषा'च्या एककात रूपांतर करायचे. लस्क यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कोष्टकात प्रौढ पुरुष १, तर प्रौढ स्त्री ०.८३ धरली जाते. या मापाने नवरा-बायकोचे घर दोन माणसांचे राहत नाही, ते १.८३ माणसांचे होते. शरीरशास्त्राच्या दृष्टीने याला काही आधार आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु जी बाई पहाटे जात्यावर दळते, पाणी भरते आणि दिवसा मजुरीला जाते, तिच्या कष्टाचा या अपूर्णांकात समावेश होत नाही. शिवाय हा आकडा गरज सांगतो. प्रत्यक्ष वाटणी नव्हे. आपल्या घरांत बाईने शेवटी जेवण्याची रीत आहे, आणि शेवटी जेवणाराच्या वाट्याला कोष्टक नव्हे तर भांड्यात उरलेले येते. मोठ्या कुटुंबात ही तूट चारपाच जणांत विभागून झाकली जाते. दोघांच्या घरात ती झाकता येत नाही. एकाने अर्धी भाकरी जास्त घेतली की दुसऱ्याची अर्धी कमी होते, आणि दोघांनाही ते ठाऊक असते.

या कोंडीतून गिरणगावाने काढलेली वाट इतिहासकारांनी आणि साहित्याच्या अभ्यासकांनी नीट पाहण्यासारखी आहे. बायकामुले गावी ठेवून आलेल्या एकट्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळी बहुतांशी कामगारांच्याच घरात, एका खोलीत चालत. जेथे दोघांचा खर्च भागत नाही तेथे बाई आणखी दहाबारा जणांचा स्वयंपाक करी. चूल तीच, खोली तीच. सामान मात्र आता पुडीने न येता गोणीने येई. चार पैसे सुटत, आणि कधीकधी घरच्या दोघांचे जेवण त्यातच निघे. दोघांचे घर बाराजणांचे स्वयंपाकघर होऊन टिकून राही. त्याचा मोबदला बाईच्या झोपेतून आणि पाठीतून वसूल होई, हे सांगायला नकोच. वाण्याच्या आणि सावकाराच्या कर्जात सापडलेल्या या खाणावळवाल्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. त्यामुळे घरात बसून केलेला स्वयंपाक हा उद्योग आहे आणि त्याला भांडवल लागते, ही गोष्ट बँकेच्या खातेवहीत नोंदली गेली.

दरम्यान घर आणि सरकार यांच्यामध्ये एक नवा कागद आला होता. मे १९४३मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले आणि 'रेशनकार्ड' हा शब्द मराठी संसारात कायमचा रुजला. कार्डावर माणसांची 'युनिटे' झाली. साठच्या दशकातील टंचाई, आणि १९७२च्या दुष्काळातील मिलो व सुकडी यांच्या आठवणी त्या पिढीच्या बोलण्यात अजून सापडतात. त्याच १९७२ साली मुंबईत महागाईविरोधी महिला संयुक्त आघाडी उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. या लाटणे मोर्चाला आपण बहुधा एक राजकीय घटना म्हणून ओळखतो. पण आजवर ज्या हिशेबात त्यांचा हात मोजला गेला नव्हता, तो हिशेब या स्त्रिया जाहीरपणे विचारीत होत्या, असेही त्याचे वाचन करता येईल.

स्वातंत्र्यानंतर किमान गरजेचा प्रश्न तुरुंगातून नियोजन आयोगात आला. १९६२मध्ये एका कार्यगटाने, ज्यात धनंजयराव गाडगीळ आणि अण्णासाहेब सहस्रबुद्धे हेही होते, पाच माणसांच्या कुटुंबाला १९६०-६१च्या किमतीने महिना किमान १०० रुपये, म्हणजे दरडोई २० रुपये, आवश्यक ठरवले, शहरात १२५. पुढे १९७१मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी आपला गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी एक मोलाचा बदल केला. शिधा कोणी तज्ज्ञाने ठरवण्याऐवजी लोक प्रत्यक्षात काय खरेदी करतात ते पाहून, दिवसाला २२५० उष्मांक मिळण्याइतका आहार कोणत्या खर्चपातळीवर घेतला जातो हे त्यांनी शोधले. १९६०-६१च्या किमतीने ती पातळी खेड्यात दरडोई महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस रुपये आली. ग्रामीण लोकसंख्येपैकी सुमारे ४० टक्के आणि शहरी लोकसंख्येपैकी सुमारे ५० टक्के लोक तिच्याखाली होते.

येथे प्रथमच गरिबाची स्वतःची निवड हिशेबात आली. पण 'दरडोई' हे माप कायम राहिले. या गणिताने शहरातील दोघांना ४५ रुपये पुरायला हवेत, कारण पाचांना एकशे साडेबारा रुपये कमी-अधिक न करता त्याच प्रमाणात पुरतात असे मानलेले आहे. पाचजणांच्या आणि दोघांच्या घराला चूल मात्र प्रत्येकी एकच लागते, ही साधी गोष्ट या भागाकारात विरून जाते. २०११ साली नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात शहरासाठी दिवसाला दरडोई ३२ रुपये हा आकडा सांगितला तेव्हा देशभर संताप व्यक्त झाला. तो आकडा किती लहान आहे यावर पुष्कळ लिहिले गेले. तो कोणत्या घराचा आहे, हे फारसे विचारले गेले नाही.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही, हे शिधावाटपाच्या नियमांतच दिसते. २००० साली सुरू झालेल्या अंत्योदय योजनेत धान्य कुटुंबामागे मिळते. पुढे ते ३५ किलो झाले. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने हा हक्क कायम ठेवला, परंतु प्राधान्य कुटुंबांना माणशी ५ किलो असे ठरवले. म्हणजे म्हातारा-म्हातारीच्या घराला एका कार्डावर महिना ३५ किलो मिळतात आणि दुसऱ्या कार्डावर १०. उलट आठ माणसांच्या अंत्योदय घराला माणशी ५ किलोही पडत नाही. एकाच कायद्यात 'घर' आणि 'डोके' ही दोन परिमाणे शेजारी शेजारी बसली आहेत, आणि त्यांपैकी कोणते आपल्या वाट्याला येते यावर दोघांच्या घराचा महिना ठरतो.

साहित्याच्या विद्यार्थ्याने आणि शिक्षकाने हा इतिहास का वाचावा, असे कोणी विचारील. माझ्या मते त्याचे उत्तर आपल्या आत्मचरित्रांत आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मधील बेहिशेबी नवऱ्याशी चाललेली संसाराची ओढाताण, ऊर्मिला पवारांच्या 'आयदान'मधील टोपल्या विणून घर चालवणारी आई, शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म'मध्ये नोंदवलेले मराठवाड्यातील दलितांचे खाद्यजीवन: ही पुस्तके आपण आजवर अनुभवाची, वेदनेची किंवा विद्रोहाची म्हणून शिकवीत आलो. ती हिशेबाचीही पुस्तके आहेत. कोणी काय आणले, कितीला आणले, कोणी आधी खाल्ले आणि कोण उपाशी झोपले, ही माहिती त्यांत आहे. ती अहवालांत नाही. १९२३चा अहवाल आपल्याला ५७ टक्के सांगतो. त्या ५७ टक्क्यांची घरात झालेली वाटणी या लेखनातच सापडते. म्हणून अशा पुस्तकांतील जेवणाचा प्रसंग केवळ भावपूर्ण म्हणून बाजूला न काढता तो पुरावा म्हणून वाचला पाहिजे, आणि सरकारी कोष्टक केवळ पुरावा म्हणून न स्वीकारता त्याच्यामागे कोणत्या माणसाचे चित्र आहे हे तपासले पाहिजे.

तसे वाचले तर 'कोंड्याचा मांडा' हा वाक्प्रचारही पूर्वीसारखा निरागस राहत नाही. तुटपुंज्या पैशात दोघांचे पोट भरणे हे कौशल्य खरेच आहे, आणि ते पिढ्यानपिढ्या बायकांनी कमावले आहे. परंतु त्या कौशल्याच्या भरवशावर आपण किमान गरजेची रेषा खाली खाली ओढत आलो. कौतुक करायचेच असेल, तर आधी कोंड्याचा हिशेब मागितला पाहिजे.