अस्वलाच्या हल्ल्यापासून बचाव

अस्वलाच्या हल्ल्यापासून बचाव म्हणजे अस्वलांचा वावर असलेल्या जंगलात, डोंगरात किंवा शेतशिवारात जाताना अस्वलाशी अचानक गाठ पडू न देणे, गाठ पडल्यास हल्ला टाळणे आणि हल्ला झाल्यास इजा कमीत कमी राखणे यांसाठी घ्यावयाची खबरदारी होय. भारतात अस्वलाच्या चार जाती आढळतात : अस्वल (इंग्रजी नाव स्लॉथ बेअर), हिमालयातील काळे अस्वल, तपकिरी अस्वल आणि ईशान्य भारतातील सूर्य अस्वल. यांपैकी महाराष्ट्रात केवळ पहिली जात आढळते. प्रस्तुत लेख मुख्यत्वे तिच्याविषयी असून इतर अस्वले, वाघ व बिबट्या यांच्याबाबतची खबरदारी कोठे वेगळी आहे, हे शेवटी दिले आहे.

अस्वल माणसाला भक्ष्य म्हणून मारत नाही. त्याचे बहुतेक हल्ले स्वसंरक्षणार्थ असतात आणि माणूस नकळत फार जवळ आल्यामुळे घडतात. त्यामुळे आपण येत असल्याची चाहूल अस्वलाला आधी लागू देणे हा बचावाचा सर्वांत परिणामकारक मार्ग मानला जातो.

प्राणी व अधिवास

अस्वलाचे शास्त्रीय नाव मेलर्सस अर्सिनस असे आहे. ते भारत, नेपाळ आणि श्रीलंका या देशांत आढळते. प्रौढ नराचे वजन साधारणतः ८० ते १४५ किलो, तर मादीचे ५५ ते ९५ किलो असते. वाळवी व मुंग्या हे त्याचे प्रमुख अन्न होय. लांब वाकड्या नख्यांनी वारूळ उकरून ते ओठांचा चंबू करते व वाळवी शोषून घेते. वरच्या जबड्यातील मधले दोन पटाशीचे दात त्याला नसतात, ही रचना त्यासाठी उपयुक्त ठरते. याखेरीज मध, बोरे, जांभळे, उंबरे, टेंभुर्णीची फळे, बहाव्याच्या शेंगा आणि मोहाची फुले ते आवडीने खाते.

महाराष्ट्रात अस्वलांचे वास्तव्य प्रामुख्याने विदर्भात आहे. मेळघाट, ताडोबा-अंधारी आणि नवेगाव-नागझिरा हे व्याघ्र प्रकल्प, बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्य, तसेच चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील जंगले यांत ते आढळते. दिवसा ते खडकांच्या कपारीत, गुहेत, नाल्याच्या घळीत किंवा दाट झुडपांत विसावते.

हल्ल्याची कारणे

अस्वलाचे घ्राणेंद्रिय तीक्ष्ण असले तरी त्याची दृष्टी व श्रवणशक्ती त्यामानाने कमजोर असते. वारूळ उकरण्यात किंवा फळे खाण्यात ते गढलेले असताना जवळ आलेला माणूस त्याच्या लक्षात येत नाही. अगदी थोड्या अंतरावर जाणीव झाली की पळून जाण्याऐवजी ते समोरच्यावर धावून जाते.

या वर्तनाचे मूळ त्याच्या उत्क्रांतीत असावे, असे काही अभ्यासक मानतात. अस्वल हजारो वर्षे वाघासोबत एकाच जंगलात राहत आले आहे. वाघासमोर पळणे वा झाडावर चढणे हा खात्रीचा मार्ग नसल्याने मागच्या पायांवर उभे राहणे, मोठ्याने ओरडणे व चाल करून जाणे ही त्याची बचावाची रीत बनली. तीच रीत ते माणसापुढेही वापरते.

पिले असलेली मादी अधिक आक्रमक असते. पिले बहुधा हिवाळ्यात गुहेत जन्मतात आणि बाहेर पडल्यानंतर कित्येक महिने आईच्या पाठीवर बसून हिंडतात. अशा मादीच्या वाटेत येणे विशेष धोक्याचे असते.

अविभाजित मध्य प्रदेशात एप्रिल १९८९ ते मार्च १९९४ या काळातील नोंदींवर आधारलेल्या एका अभ्यासात अस्वलाच्या हल्ल्यांत ७३५ व्यक्ती सापडल्याचे व त्यांपैकी ४८ जणांचा मृत्यू झाल्याचे आढळले. म्हणजेच बहुसंख्य जखमी वाचतात. मात्र जखमा बहुधा डोके, चेहरा व हातपाय यांवर होत असल्याने डोळा गमावणे, चेहरा विद्रूप होणे असे कायमचे अपंगत्व अनेकांच्या वाट्याला येते.

धोक्याचे ऋतू व वेळा

अस्वल मुख्यतः संध्याकाळी, रात्री व पहाटे हिंडते. मोहाची फुले रात्रीपासून पहाटेपर्यंत गळतात. मार्च-एप्रिलमध्ये ती वेचण्यासाठी गावकरी उजाडण्यापूर्वीच जंगलात जातात, आणि त्याच झाडाखाली त्याच वेळी अस्वलही आलेले असते. त्यापाठोपाठ येणाऱ्या तेंदूपत्ता हंगामात मजूर झुडपांत वाकून पाने तोडतात. खाली वाकलेल्या माणसाला पुढचे दिसत नाही. सरपण, डिंक वा मध गोळा करणारे, गुराखी, शेताची राखण करणारे आणि पहाटे शौचासाठी बाहेर जाणारे लोक यांनाही धोका असतो. ही कामे उपजीविकेची असल्याने 'जंगलात जाऊ नका' एवढा सल्ला पुरेसा ठरत नाही.

प्रतिबंधक उपाय

* एकट्याने जंगलात जाऊ नये. किमान तीन-चार जणांनी एकत्र राहावे. काम करतानाही एकमेकांच्या नजरेच्या व हाकेच्या टप्प्यात असावे.
* चालताना मोठ्याने बोलावे, मधूनमधून हाळी द्यावी किंवा काठी आपटत जावे. काठीला घुंगरू अथवा घंटी बांधल्यास आवाज सतत राहतो. नाला, वळण, उंच गवत व दाट झुडपे यांजवळ आवाज वाढवावा.
* वाहत्या पाण्याचा किंवा वाऱ्याचा आवाज असलेल्या ठिकाणी चाहूल लागत नाही. तेथे थांबून परिसर न्याहाळावा.
* मोहफुले पुरेसे उजाडल्यानंतर वेचावीत. झाडाजवळ जाण्यापूर्वी दुरून आवाज करावा.
* ताज्या उकरलेल्या वारुळांवर, पायांच्या ठशांवर व विष्ठेवर लक्ष ठेवावे. फळांच्या बिया, मुंग्या व वाळवीचे अवशेष असलेली विष्ठा ताजी दिसल्यास त्या भागातून परतावे.
* खडकांच्या कपारीत वा गुहेत डोकावू नये. अस्वल आत असल्यास त्याला बाहेर पडण्याचा मार्ग माणसामुळे अडतो.
* कानात इअरफोन घालून किंवा मोबाइलमध्ये पाहत चालू नये.
* सोबतचा मोकळा कुत्रा अस्वलाला डिवचून पुन्हा मालकाकडेच धावत येऊ शकतो. म्हणून त्याला बांधून न्यावे किंवा नेऊ नये.
* अंधारात बाहेर पडावे लागल्यास विजेरी व काठी जवळ बाळगावी.

अस्वलाशी गाठ पडल्यास

अस्वल दूर असून त्याचे लक्ष नसेल, तर आल्या वाटेने शांतपणे मागे फिरावे. त्याने पाहिले असेल, तर जागेवर थांबावे, स्थिर आवाजात बोलत राहावे आणि पाठ न वळवता सावकाश मागे सरावे. त्याला निघून जाण्यास मोकळी वाट ठेवावी. गटातील सर्वांनी विखरून न पळता एकत्र उभे राहावे.

मागच्या पायांवर उभे राहिलेले अस्वल प्रत्येक वेळी हल्ल्याच्याच पवित्र्यात असते असे नाही; अनेकदा ते वास घेऊन अंदाज घेत असते. या वेळी दगड मारणे, छायाचित्रासाठी जवळ जाणे किंवा पिलांच्या दिशेने सरकणे टाळावे. धावू नये; अस्वल अवजड दिसत असले तरी माणसापेक्षा वेगाने धावते.

हल्ला झाल्यास

अस्वलाने चाल केली व त्याच्याशी झटापट अटळ झाली, तर हातातील काठी, पिशवी किंवा टोपली त्याच्या व आपल्यामध्ये धरावी. त्याने खाली पाडल्यास पालथे पडून पोट जमिनीला टेकवावे, दोन्ही हातांची बोटे मानेमागे गुंफावीत आणि कोपरांनी चेहऱ्याच्या बाजू झाकाव्यात. पाठीवर पिशवी असल्यास ती काढू नये. स्वसंरक्षणार्थ हल्ला करणाऱ्या अस्वलाला समोरचा धोका संपल्याचे जाणवले की ते बहुधा निघून जाते. ते गेल्याची खात्री होईपर्यंत उठू नये. लगेच हालचाल केल्यास दुसरा हल्ला होण्याचा संभव असतो.

गटातील इतरांनी एकत्र येऊन मोठा आवाज करावा व काठ्या आपटाव्यात. एकट्याने पुढे धावून गेल्यास जखमींची संख्या वाढू शकते.

प्रथमोपचार

जखमीला प्रथम सुरक्षित जागी हलवावे. वाहते रक्त थांबवण्यासाठी स्वच्छ कापडाने जखमेवर घट्ट दाब द्यावा. डोळ्याला इजा झाली असल्यास त्यावर दाब देऊ नये. रक्तस्राव आटोक्यात असल्यास जखम वाहत्या पाण्याने व साबणाने सुमारे १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, माती किंवा झाडपाला जखमेत भरू नये. चावा व ओरखडे या दोहोंसाठी धनुर्वाताची व रेबीजची लस आवश्यक असते; खोल जखमांमध्ये रेबीज प्रतिबंधक इम्युनोग्लोब्युलिनही दिले जाते. चेहऱ्याच्या व डोक्याच्या जखमांसाठी शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय लवकर गाठावे.

प्रचलित गैरसमज

दोन मित्र आणि अस्वल ही इसापनीतीतील कथा मराठी वाचकांच्या परिचयाची आहे. तीत एक मित्र झाडावर चढून वाचतो, तर दुसरा श्वास रोखून जमिनीवर पडून राहतो. प्रत्यक्षात अस्वल मधासाठी व फळांसाठी झाडावर उत्तम चढते, त्यामुळे झाड हा सुरक्षित आसरा नव्हे. निपचित पडण्याचा उपायही अस्वल दूर असताना नव्हे, तर त्याने खाली पाडल्यानंतर व मान झाकूनच उपयोगी पडतो.

उतारावर पळाल्यास अस्वलाला पाठलाग करता येत नाही, या समजुतीतही तथ्य नाही. ते उतारावरही वेगाने धावते. अस्वल माणसाला गुदगुल्या करून मारते, हीदेखील लोकसमजूत आहे. गंभीर जखमा होतात त्या त्याच्या नख्यांनी व सुळ्यांनी.

इतर अस्वले

महाराष्ट्रातून हिमालयात जाणाऱ्या गिर्यारोहकांचा व पर्यटकांचा संबंध काळ्या व तपकिरी अस्वलांशी येऊ शकतो. काळे अस्वल काश्मीर, हिमाचल प्रदेश व उत्तराखंड येथे मक्याच्या शेतांत व फळबागांतही शिरते. तपकिरी अस्वल अधिक उंचावरील कुरणांत आढळते. तळ ठोकताना अन्न तंबूत न ठेवणे, स्वयंपाकाची जागा झोपण्याच्या जागेपासून दूर ठेवणे आणि खरकटे उघड्यावर न टाकणे ही खबरदारी तेथे महत्त्वाची ठरते.

उत्तर अमेरिकेत अस्वलापासून बचावासाठी मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य असलेला फवारा वापरला जातो. अलास्कातील १९८५ ते २००६ या काळातील घटनांच्या अभ्यासात या फवाऱ्याने तपकिरी अस्वलांचे आक्रमक वर्तन ९२ टक्के प्रसंगांत थांबवल्याचे दिसून आले. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात अस्वलापासून किमान ९१ मीटर अंतर राखणे बंधनकारक आहे. तेथील काळ्या अस्वलाने हल्ला केल्यास प्रतिकार करावा, असा सल्ला दिला जातो. तो तेथील जातीच्या वर्तनावर आधारलेला असल्याने भारतातील अस्वलाला जसाच्या तसा लागू होत नाही.

वाघ व बिबट्या

विदर्भातील जंगलांत अस्वलासोबत वाघ व बिबट्या हेही असतात. गट करून जाणे, आवाज करणे, धावू नये व पाठ फिरवू नये, हे नियम तिघांनाही लागू आहेत. महत्त्वाचा फरक असा की, वाघ वा बिबट्या माणसावर भक्ष्य समजूनही हल्ला करू शकतो. त्यामुळे त्यांच्यासमोर जमिनीवर पडून राहू नये. ताठ उभे राहून, हात उंचावून शक्य तितके मोठे दिसावे आणि हल्ला झाल्यास पूर्ण शक्तीनिशी प्रतिकार करावा. वाकलेला किंवा बसलेला माणूस त्यांना लहान प्राण्यासारखा भासण्याचा संभव असतो. बिबट्याच्या क्षेत्रात लहान मुलांना संध्याकाळनंतर एकटे सोडू नये, घराजवळील झुडपे काढावीत आणि जनावरे बंदिस्त गोठ्यात बांधावीत.

कायदा व शासकीय मदत

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत अस्वलाचा समावेश असून त्याची शिकार हा गुन्हा आहे. मात्र स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीत प्राणी जखमी झाला वा मेला, तर कलम ११ नुसार तो गुन्हा ठरत नाही. ती व्यक्ती त्या वेळी या कायद्याविरुद्ध कृत्य करीत असल्यास हे संरक्षण मिळत नाही.

हल्ल्याची माहिती वनरक्षक, वनपरिक्षेत्र कार्यालय किंवा महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर लवकरात लवकर द्यावी. वन्य प्राण्यांच्या हल्ल्यातील जखमींना व मृतांच्या वारसांना राज्य शासन अर्थसाहाय्य देते. त्यासाठी पंचनामा व वैद्यकीय कागदपत्रे लागत असल्याने ती जपून ठेवणे आवश्यक असते.

गावाजवळ अस्वल दिसल्यास जमाव करून त्याला घेरू नये. सुटकेची वाट न मिळालेले अस्वल जमावावर धावून जाते व एका वेळी अनेकांना जखमी करू शकते. वन कर्मचारी येईपर्यंत लोकांना दूर ठेवून त्याला जंगलाकडे जाण्याची वाट मोकळी ठेवणे इष्ट असते.

हेही पहा

* अस्वल
* बिबट्या
* ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प
* वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२