फोटोत न आलेला सूर

नायगावच्या जेट्टीवरून पाणजूची बोट सुटते, तिथे भरतीच्या वेळी पोरं खाडीत सूर मारतात. हल्ली प्रत्येक सुराचा फोटो निघतो. माझे आजोबा याच खाडीतले पट्टीचे पोहणारे. पण घरात त्यांचा एकच फोटो आहे, मुंबईच्या स्टुडिओतला, कोट-टोपी घालून खुर्चीवर हात टेकलेला. पोहणारे आजोबा फोटोत का नाहीत, या घरगुती प्रश्नातून हा शोध सुरू झाला.

पहिले उत्तर तांत्रिक आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. त्या काळच्या ओल्या काचेला काही सेकंद प्रकाश लागे. तेवढ्यात लाटेचे धुके होई आणि हलणारा माणूस पुसट होई. विल्यम जॉन्सनने मुंबईच्या निरनिराळ्या समाजांची छायाचित्रे १८६३ व १८६६ साली दोन खंडांत प्रसिद्ध केली. त्यांत माणसे एका काचेवरची आणि मागचा देखावा दुसऱ्या काचेवरचा, अशी जोडणी आहे.

पुढे कोरड्या काचा आल्या, सेकंदाचा अंशही पुरू लागला. तरी पहिलवान फोटोत गदा घेऊन ताठ उभाच! म्हणजे अडचण यंत्राची उरली नव्हती. फोटो हा मानाचा प्रसंग होता. ओल्या अंगाने त्याला कोण सामोरे जाणार?

ही चौकट मोडली सावेदादांनी. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलचित्रे दाखवली गेली. ती पाहून फोटोग्राफीचा व्यवसाय करणाऱ्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली मलबार हिलवरच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा व कृष्णा न्हावी यांची कुस्ती चित्रित केली. खाली समुद्र, वर झुंजणारी शरीरे. फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. १९०१ साली त्यांनी चौपाटीवर कॅमेरा लावला, तो मात्र रँग्लर परांजप्यांच्या स्वागतासाठी. किनाऱ्यावर पुन्हा मानाचाच प्रसंग.

ती कुस्ती आज पाहायला मिळत नाही. तरी दोन मल्लांची नावे उरली, कारण कुणीतरी ती लिहून ठेवली. चित्र गेले तरी नोंद टिकते, हे मला तिथे उमगले.

परवा आजोबांचा फोटो चौकटीतून काढला आणि मागे पेन्सिलीने लिहिले : ‘नायगाव ते पाणजू आणि परत, पोहत.’