पासवर्ड आला कुठून?



गटाच्या बैठकीत हल्ली एक विषय हमखास निघतो. घरात फोन एकच. पैसे बाईच्या खात्यावर येतात, पण पिन सगळ्या घराला पाठ. तिने तो बदलायचं म्हटलं की ऐकावं लागतं, "आमच्यावर भरवसा नाही का?" म्हणून आज पासवर्ड मुळात कुठून आला ते पाहू. ही गोष्ट म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचाच इतिहास आहे.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे फोनमधला किंवा संगणकातला कारभारी. कोणत्या ॲपने कधी काम करायचं, कुणी किती जागा घ्यायची, कॅमेरा कुणाला द्यायचा, हे सगळं तो बघतो. आपल्याला तो दिसत नाही, पण त्याच्याशिवाय फोन म्हणजे नुसता डबा.

सुरुवातीच्या संगणकांना असा कारभारी नव्हता. यंत्र खोलीभर मोठं आणि फार महाग. पुढे लोक आपलं काम छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर उतरवून गठ्ठा देऊ लागले. गिरणीत दळणाचे डबे रांगेत लावतो ना, तसंच. १९५६ साली अमेरिकेत जनरल मोटर्स आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या कंपन्यांनी आयबीएम ७०४ या संगणकासाठी एक व्यवस्था तयार केली. एक काम संपलं की दुसरं आपोआप उचललं जाई. पण ज्याचं दळण त्याला तासन् तास वाट बघावी लागे, आणि एक चूक निघाली की पुन्हा रांगेच्या शेवटी.

यावर तोड काढली एमआयटी या अमेरिकेतल्या संस्थेतल्या फर्नांडो कोर्बातो यांनी. चुलीवर कालवण शिजेपर्यंत आपण भाकरीचं पीठ मळतो, मध्येच लेकराला पाणी देतो. कोर्बातोंनी संगणकाला तेच शिकवलं. याचं थोडं, त्याचं थोडं, आणि हे इतक्या झपाट्याने की समोर बसलेल्या प्रत्येकाला वाटावं, यंत्र माझ्यासाठीच आहे. नोव्हेंबर १९६१ मध्ये त्यांनी हे करून दाखवलं. त्या व्यवस्थेचं नाव सीटीएसएस.

आता यंत्र एक आणि माणसं अनेक झाली. प्रत्येकाचे कागद त्याच यंत्रात. मग कुणाचं काय हे ओळखायचं कसं? म्हणून प्रत्येकाला नाव आणि पासवर्ड दिला. लक्षात घ्या, ती माणसं एकमेकांची वैरी नव्हती, एकाच संस्थेत काम करणारी होती. वस्तू सामाईक होती, म्हणून प्रत्येकाची किल्ली वेगळी झाली.

पण लगेच पळवाटही निघाली. ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चार तास मिळत. ते पुरेनात. १९६२ साली त्याने सगळ्यांच्या पासवर्डची यादीच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर काम केलं. पुढे अनेक वर्षांनी त्यानेच हे सांगितलं. १९६६ साली तर आणखी गंमत झाली. व्यवस्था सांभाळणारे दोघे एकाच वेळी काम करत होते. एक जण रोजची सूचना लिहीत होता, दुसरा पासवर्डची यादी. दोघांचं कच्चं लिखाण यंत्राने एकाच नावाने ठेवलं आणि अदलाबदल झाली. मग जो कुणी आत येई त्याला सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड दिसू लागले! एका कच्च्या वहीत दोघींनी एकदम हिशेब लिहिला की असंच होणार.

या अनुभवातून पुढची माणसं शिकली. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली. थॉम्पसनची बायको वर्षाच्या लेकराला घेऊन तीन आठवडे सासू-सासऱ्यांकडे गेली होती. तेवढ्या मोकळ्या वेळात त्याने पहिला सांगाडा उभा केला, असं तोच सांगत असे. त्या माऊलीचा हातभार आपण तरी विसरू नये.

युनिक्समध्ये प्रत्येक कागदाला तीन प्रकारची माणसं ठरली: मालक, गट आणि इतर. कुणी वाचायचं, कुणी लिहायचं, हे वेगवेगळं ठरवता येई. आपलं इतिवृत्त सगळ्या वाचतात, पण लिहिते सचिवच; तसंच हे. पुढे पासवर्डही जसाच्या तसा न ठेवता ओळखू येणार नाही अशा रूपात ठेवू लागले. यादी हाती लागली तरी लगेच उपयोग होऊ नये म्हणून.

मग घरगुती संगणक आले. १९८१ च्या एमएस-डॉसमध्ये ना वेगळी नावं, ना पासवर्ड. एक यंत्र, एक माणूस, मग किल्ली कशाला? पण संगणक एकमेकांना जोडले गेले, बाहेरचे प्रोग्रॅम आत येऊ लागले आणि उघडं दार महागात पडलं.

१९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने युनिक्सच्या धर्तीवर लिनक्स लिहायला घेतलं. आपल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तेच लिनक्स आहे. पहिला अँड्रॉइड फोन २००८ साली आला. त्यात एक नवी युक्ती होती. तिथे प्रत्येक ॲपलाच वेगळा माणूस समजतात. एका ॲपने दुसऱ्याच्या पेटीत हात घालायचा नाही. फोटो, संपर्क, माईक हवा असेल तर मालकाला विचारायचं. 'परवानगी द्या' असं जे विचारलं जातं ते हेच. झटपट कर्ज देणारं ॲप तुमचे सगळे नंबर मागतं, तेव्हा कारभारी दारात उभा राहून तुम्हालाच विचारत असतो. कर्जाला शेजारणीचा नंबर कशाला लागतो? 'नको' म्हणायचा हक्क त्याने तुमच्या हातात दिला आहे.

तेव्हा घरी कुणी भरवशाचं विचारलं, तर ही गोष्ट सांगा. आपल्या गटाच्या पेटीला तीन कुलपं आणि तीन किल्ल्या असतात. म्हणून आपण एकमेकींना चोर म्हणतो का? उलट त्यामुळेच पैसा कमी पडला तरी कुणावर आळ येत नाही. पैशाचा पिन बँकेचा असतो, फोनचं कुलूप कारभाऱ्याचं, पण न्याय एकच. काही फोनच्या सेटिंगमध्ये एकापेक्षा जास्त वापरकर्ते किंवा पाहुण्यासाठी वेगळी सोय असते. मुलांच्या हाती फोन देताना ती वापरता येते. पुढच्या बैठकीत फोन सोबत आणा, एकमेकींच्या मदतीने ती शोधू. आणि पिन मात्र ज्याचा त्याने, दुसऱ्या कुणाला न दाखवता, बदलायचा.